कानसेनांच्या घरची गळती

कानसेन हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यातल्या सोबत्यांनी ठेवलं, आणि असं चिकटलं की हजेरीत खरं नाव पुकारलं तर ते स्वतःच 'हजर' म्हणायचं विसरत. त्यांचं काम होतं जमिनीखालची गळती ऐकण्याचं. छातीइतकी उंच पोलादी सळई, तिच्या वरच्या टोकाला वाटीसारखी टोपी. खालचं टोक रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. वस्ती झोपली, घरोघरचे नळ बंद झाले, तरी पाइपात काही वाजत असेल तर ती गळती. मग कानसेन डोळे उघडत, बुटाच्या टाचेनं डांबरावर रेघ ओढत आणि म्हणत, "इथं खणा." खणणारे आधी कुरकुरत, मग खणत, मग गुडघाभर पाण्यात उभे राहून मान डोलावत.

असा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्याच घरातून खालच्या घरात पाणी गळायला लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खालच्या घरात टेलरबाई राहत. पुढच्या खोलीत त्यांचं कापायचं लांबलचक टेबल होतं आणि नेमक्या त्याच टेबलाच्या वर छताला ताटाएवढा पिवळट डाग उमटला होता. पहिल्यांदा त्या वर आल्या तेव्हा नुसतं सांगून गेल्या. दुसऱ्यांदा हातात पांढऱ्या कापडाचा डाग पडलेला तुकडा घेऊन आल्या. आवाज चढवला नाही, पण आडपडदाही ठेवला नाही. सोमवारपासून दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांची कापणी सुरू होणार होती. "काका, तोवर पाणी तरी थांबवा, नाहीतर ती माशांची टाकी तरी हलवा. मी छत्री धरून शिवणार नाही," असं म्हणून त्या गेल्या. त्यांचं काही चुकलं, असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

टाकी कानसेनांच्या मुलीची होती. समुद्रासारख्या खाऱ्या पाण्याची, बैठकीच्या खोलीत लाकडी कपाटावर ठेवलेली, चांगली आडवी-उभी. तिच्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे होते आणि तळाशी एक राखाडी, फुगऱ्या गालांचा मासा होता. हा दिवसभर तोंडात वाळू घ्यायचा आणि नापसंतीनं थुंकायचा. त्याचं नाव मुकादम. खात्यात कानसेनांचे एक मुकादम होते, त्यांचा चेहरा थेट असा. कुठं मोठी लाइन फुटली की ते इमारतीखाली उभे राहून घोगऱ्या आवाजात हाका मारत, "कानसेन, चला, पाणी पळालं!" मुलगी लहान असताना हनुवटी गळ्याला टेकवून त्यांची हुबेहूब नक्कल करायची, आणि कानसेन दोनदा तरी त्या नकलेला फसून बूट चढवून खाली गेले होते.

ती मुलगी आता नोकरीसाठी लांब गेली होती. जाण्यावरून बापलेकीत शब्दाला शब्द लागला. कानसेन रागाच्या भरात म्हणाले, "जायचं तर जा, मला विचारू नकोस." ती गेली. निघताना मात्र टाकीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, पाण्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सांभाळाल ना?" त्या दिवसभरातलं गोड वाक्य ते एवढंच. तेव्हापासून कानसेन टाकीची जी सेवा करत होते, तशी त्यांनी कुणा वरिष्ठाचीही केली नसेल. तीच टाकी हलवायची म्हणजे मोडायची, मासे दुकानदाराला परत द्यायचे आणि मुलीला तसं कळवायचं. हे त्यांना जमणारं नव्हतं.

कळवण्याची तर आणखी वेगळी पंचाईत होती. एक गोष्ट कानसेन कुणालाही सांगत नव्हते, स्वतःलासुद्धा अर्धवटच. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. सगळंच नाही. ट्रक ऐकू यायचा, दारावरची थाप ऐकू यायची, जाड आवाजाच्या माणसांचं बोलणं नीट कळायचं. बारीक आवाज तेवढे कुठंतरी झिरपून जायचे. बायकोचा आवाज बारीक, मुलीचा त्याहून बारीक. बायकोचं निभावून जायचं, कारण संसार इतका मुरलेला की ती काय म्हणणार हे चेहऱ्यावरून आणि वेळेवरून कळे. फोनला चेहरा नसतो. म्हणून मुलीचा फोन आला की ते म्हणायचे, "बरी आहेस ना? मासे मजेत आहेत. हां, आईशी बोल," आणि फोन बायकोच्या हातात. बायकोला, म्हणजे इमारतीतल्या सगळ्यांच्या काकूंना, मुलगी दर वेळी विचारायची, बाबा अजून रागावलेत का? काकू ते नवऱ्याला सांगायच्या. तो म्हणायचा, "मी कशाला रागावू?" आणि विषय संपायचा. रागीट म्हटलं तर चालेल, पण कानसेनाला ऐकू येत नाही असं कुणी म्हणता कामा नये, असा त्यांचा हिशेब. माणसं कशाकशाची अब्रू राखत बसतात, सांगता सोय नाही.

काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवरा ऐकत नाही, यात त्यांना शंका घेण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. त्यांच्या मैत्रिणींचे नवरेही ऐकत नसत.

तर, पाणी कुठून येत होतं?

रचना अशी होती. वरच्या टाकीतलं पाणी कोपऱ्यातल्या जाळीवरून पाइपात उतरायचं आणि खाली कपाटात दडवलेल्या दुसऱ्या टाकीत पडायचं. तिथं गाळलं गेलं की पंप ते पुन्हा वर ढकलायचा. दुकानदार या खालच्या टाकीला संप म्हणतो. आयुष्यात एकदाही संपावर न गेलेल्या माणसाच्या घरी कायमचा संप आला, असं काकू आल्यागेल्याला सांगत. पाइप, जोड, नट, वॉशर सगळे कपाटाच्या डाव्या बाजूला होते. आणि पाणी रोज सकाळी सापडायचं उजव्या कोपऱ्यात, मागच्या फळीपाशी. बशीभरच, पण रोज.

कानसेनांनी पहिल्यांदा बोट बुडवून ते चाखलं. खारट. म्हणजे फरशी पुसल्याचं नाही, टाकीचंच. मग त्यांनी माळ्यावरून सळई काढली, पुसली, पंप बंद केला, पंखा बंद केला, काकूंना स्वयंपाकघरातून हलू नकोस म्हणून बजावलं आणि एकेका जोडावर सळई टेकवून कान लावला. काही नाही. जोडाजोडावर कागदी रुमाल गुंडाळले. कोरडे. पंप थांबला की वरचं जादा पाणी खाली येतं आणि संप भरतो, तोही काठाच्या बराच खाली थांबत होता. त्याची काळजी त्यांनी आधीच घेतली होती. मुलगी गेल्यावर एकदा वीज गेली, पाणी काठाच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं आणि कानसेनांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी संपातलं बरंच पाणी उपसून ठेवलं होतं. तेव्हा तिथूनही नाही.

मग त्यांनी सगळे वॉशर बदलले. नट असे आवळले की काकू म्हणाल्या, आता पाणीच काय, मासेही गुदमरतील. सकाळी उजव्या कोपऱ्यात बशीभर पाणी होतंच.

आता खरं तर माणूस वैतागतो. कानसेन खुलले. निवृत्तीनंतर इतका चांगला प्रश्न त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. डावीकडचं पाणी उजवीकडे जातं कसं? फळीला उतार आहे म्हणावं, तर गोटी सोडून पाहिली, ती डावीकडेच गेली. जेवताना ते घास हातात धरून थांबू लागले. काकू बघत आणि म्हणत, माझ्याकडे लग्नानंतरसुद्धा असं टक लावून पाहिलं नव्हतं.

युक्ती सुचली ती टेलरबाईंमुळे. किती प्रगती झाली ते पाहायला त्या वर आल्या, कपाटात डोकावल्या आणि म्हणाल्या, पाणी कुठून कुठं गेलं हे कळायला पाहिजे ना, मग खूण करायचा खडू घ्या. निळ्या खडूचा तुकडा त्यांच्या एप्रनच्या खिशातच होता. काकूंनी तो खलबत्त्यात कुटला आणि कानसेनांनी चहाच्या गाळणीनं कपाटाच्या तळाशी निळी भुकटी पसरली. कुठूनही ओघळ आला तरी वाट उमटल्याशिवाय राहणार नव्हती.

सकाळी तिघेही कपाटासमोर उकिडवे बसले. डावीकडची भुकटी जशीच्या तशी. मधली जशीच्या तशी. फक्त उजव्या कोपऱ्यात, मागच्या फळीला जिथं वायर बाहेर काढायचं भोक होतं, तिथं भुकटीत थेंबांचे खड्डे पडले होते. म्हणजे पाणी वाहत आलंच नव्हतं. ते वरून पडत होतं. आणि वर होती फक्त पंपाची वायर.

कानसेनांनी वायरीवरून बोट फिरवलं. तिच्यावर मिठाचा पांढरा, खरखरीत थर चढला होता. संपाच्या झाकणाखालीही तसाच. "वायर काय पाणी पिते की काय," टेलरबाई म्हणाल्या आणि शिलाईकडे गेल्या. जाताना उद्या रविवार आहे, एवढं मात्र त्या आठवणीनं बोलल्या.

वायरीवर पाणी येतं कुठून, हे काही कानसेनांना उमगेना. त्यांनी पुन्हा पंप बंद केला आणि सळई लावली. शांतता. पुन्हा चालू केला, थोडं थांबले, पुन्हा बंद केला.

काकू स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, दर वेळी बंद करून काय ऐकता? चालू असताना ऐका की."

या वेळी त्या समोर होत्या, म्हणून कानसेनांना कळलं. ते म्हणाले, चालू असताना काय ऐकायचं? पंपाची घरघर. आपल्या कामाचा पहिला नियम, सगळं बंद करून ऐकायचं.

"तो रस्त्याचा नियम. इथं बंद केलं की सगळंच बंद पडतं," काकू म्हणाल्या. "आणि चालू असताना ते केवढं चुरचुरतं. कढईत काही तळायला टाकल्यासारखं. उठल्यापासून झोपेपर्यंत. माझं डोकं उठतं. तुम्हाला त्याचं काहीच कसं वाटत नाही?"

कानसेनांचा हात सळईवर होता तिथंच राहिला. त्यांना चुरचुर कधीच ऐकू आली नव्हती.

त्यांनी पंप चालू केला, सळई तिरकी धरून पाइपावर टेकवली आणि वाटीला कान लावला. पंपाची घरघर आली. पाण्याचा जाड घोट आला. बाकी काही नाही. त्यांनी दुसरा कान लावला. तेच. जन्मभर ज्या सळईनं शहराच्या पोटातली कुजबुज ऐकवली, ती आज अर्धंच सांगत होती, आणि अर्धं सांगण्यात सळईचा दोष नव्हता, हे त्यांना लख्ख कळलं. वाईट तर वाटलंच. फार वाटलं. पण प्रश्न अजून सुटायचा होता, आणि कुतूहल हा प्राणी माणसाला नीट रडूही देत नाही. त्यांनी सळई काकूंच्या पुढे केली.

"तू ऐक," ते म्हणाले. "मला नाही येत ते."

काकूंनी सळईकडे पाहिलं. या सळईला घरात कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. मुलीनं एकदा तिच्यावर ओले कपडे वाळत घातले होते, तर महाभारत झालं होतं. "नाही येत म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"बारीक आवाज येत नाहीत. बरेच दिवस झाले."

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. कितीतरी जुन्या भांडणांचे निकाल त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक बदलताना दिसत होते. मग त्यांनी शेंगांची टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि वाटीला कान लावला.

"डोळे मीट," कानसेन म्हणाले. "आणि काय वाजतंय ते सांग. कशासारखं वाजतंय ते सांग."

काकूंनी डोळे मिटले. हळूहळू त्या सांगू लागल्या. खाली घरघर, ती पंपाची. तिच्यावर घोट, म्हातारा माणूस पाणी पितो तसा, मधे मधे हवा गिळत. मग पाणी पडल्याचा आवाज, उंचावरून. आणि त्याच्यावर ती चुरचुर, बुडबुडे फुटल्यासारखी. आणि मधूनच, झाकणाखाली, टक्. पुन्हा टक्.

कानसेनांनीही डोळे मिटले होते. त्यांच्यापुढे सगळं उभं राहिलं. उघडून पाहायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी झाकण उचलून पाहिलं. पाइपाचं तोंड पाण्याच्या चांगलं वर लोंबत होतं. मुलगी असताना ते पाण्यात बुडालेलं असे. त्यांनी भीतीपोटी पाणी उपसलं आणि तोंड उघडं पडलं. तेव्हापासून पाणी हवा गिळत वरून पडत होतं, त्याचे बुडबुडे होत होते आणि फुटताना धुक्यासारखे तुषार उडवत होते. तुषार झाकणाखाली साचत, तिथून वायरीवर येत आणि वायर धरून, उतार मिळेल तसे, भोकापाशी ठिबकत. गळका पाइप घरात एकही नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा तरी कुणी उपडा केला, तर स्वतः कानसेनांनीच.

"अगं, मीच केलं हे," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं.

उपसलेलं पाणी परत ओतणं सोपं होतं. पण वीज गेल्यावर काठापाशी येणारं पाणी बघायची त्यांची तयारी नव्हती. पाणी वर न्यायचं नसेल, तर पाइपाचं तोंड खाली न्यायचं. ते हार्डवेअरच्या दुकानातून पाइपाचा तुकडा, दोन तिरके बेंड आणि एक तीन तोंडांचा जोड, म्हणजे टी, घेऊन आले. बेंड अशासाठी की पाणी आदळू नये, घसरत यावं. टीचं वरचं तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे गिळलेली हवा तिथून निघून जाईल. वरचे जोड त्यांनी चिकटवले आणि खालचा तुकडा नुसता खोचून पाहिला. आणि वायर भोकाकडे नेण्याआधी संपाच्या आतच तिला खाली झोळ दिला, म्हणजे तिच्यावरचं पाणी झोळाच्या तळाशी येऊन संपातच पडेल.

पंप चालू केला. चुरचुर थांबली, असं काकू म्हणाल्या. पण थोड्याच वेळात पाइपानं मोठ्ठी ढेकर दिली आणि ओंजळभर पाणी झाकणावर फेकलं. ही मात्र कानसेनांनाही ऐकू आली. तोंड फार खोल बुडालं होतं, हवेला वाट मिळत नव्हती. त्यांनी तुकडा काढून बोटभर कापला. काकूंनी सळई लावली. "अजून ढेकर येतेय," त्या म्हणाल्या. पुन्हा थोडा कापला. "आता नुसती उचकी." पुन्हा थोडा. काकूंचे डोळे मिटलेले होते, एक हात सळईवर आणि दुसरा वर उचललेला. त्यांना आता यात गोडी वाटू लागली होती, हे स्पष्ट दिसत होतं. करवत चालवणाऱ्याला त्या थांबा म्हणत, कापा म्हणत, आणि तो निमूटपणे ऐकत होता. या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

"बास," काकू म्हणाल्या. "आता काही नाही. घोटसुद्धा नाही. नुसतं वाहतंय."

"नक्की?"

"इथं खणू नका," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी निळी भुकटी जशीच्या तशी होती. टेलरबाईंनी कपाटात हात घालून तळ चाचपला, बोटं एकमेकांवर चोळली आणि टाकी राहू दे म्हणाल्या. छताचा डाग तेवढा काकांनी रंगवून द्यावा. कानसेनांनी मान्य केलं. टाकी राहिली. त्यांनी सळई पुसली, पण माळ्यावर टाकली नाही, कपाटाशेजारी उभी केली.

दुपारी मुलीचा फोन आला. काकू सवयीनं उठल्या, पण कानसेनांनी फोन स्वतःच उचलला आणि पलीकडून काही यायच्या आत बोलायला सुरुवात केली.

"थांब, आधी मी बोलतो. मला तुझं बोलणं ऐकू येत नाही. फोनमध्ये बिघाड नाही, माझ्या कानात आहे. बारीक आवाज येतच नाहीत. म्हणून मी आईकडे देतो."

मग ते थांबले. पलीकडे ती गप्प आहे की बोलतेय, हे त्यांना कळेना. नेहमी याच क्षणी ते फोन देऊन टाकत. आज त्यांनी तो कानाला तसाच घट्ट धरून ठेवला. काकू जवळ आल्या, फोनच्या पाठीला कान लावून ऐकू लागल्या आणि मग फोनमध्ये तोंड घालून म्हणाल्या, "जाड आवाज येतो गं त्यांना. जाड आवाज काढ."

मग फोनमधून घोगरा, हनुवटी गळ्याला टेकवून काढलेला आवाज आला. "कानसेन, चला, पाणी पळालं!"

एकेक शब्द ऐकू आला. कानसेन खुर्चीतून अर्धे उठले, मग खाली बसले.

"बोला मुकादम," ते म्हणाले.

"तुम्ही रागावला नव्हतात?" मुकादमानं विचारलं. आवाज मधेच फुटला, बारीक झाला, मग पुन्हा कसाबसा जाड झाला. "इतके दिवस रागावला नव्हतात, बाबा?"

"नाही गं बाळा," कानसेन म्हणाले. "ऐकूच येत नव्हतं."

काकू बाजूला झाल्या आणि राहिलेल्या शेंगा सोलायला बसल्या. टाकीत तो फुगऱ्या गालांचा मासा वाळू उचलत होता आणि थुंकत होता. फोनवरचा मुकादम मग कितीतरी वेळ बोलत राहिला, नोकरीचं, खोलीचं, शेजाऱ्यांचं, आणि कानसेन डोळे मिटून ऐकत राहिले.